जगदीशच्या बंदुकीवरचं कुंकू

गुणाजी मिस्त्री नागपूरहून दीक्षा घेऊन आला तो बोरीबंदरला उतरून परळच्या चाळीत न जाता तडक गिरगावात, अण्णांच्या दुकानात आला. खाडे झाले होते आणि अण्णांचा स्वभाव त्याला पाठ होता. उशीर झाला तर ते बोलायचे नाहीत, नुसते घड्याळाकडे बघायचे, आणि ते बघणं शिवीपेक्षा वाईट. गुणाजीच्या अंगात पांढरा सदरा होता, त्यावर गाडीची धूळ, खांद्याला गाठोडं. मन मात्र कसं हलकं झालेलं! पन्नाशीला टेकलेला माणूस, पण ठाकुरद्वारच्या नाक्यावर त्याला शीळ घालावीशी वाटली होती.

दुकानात पाऊल टाकलं आणि ती शीळ आतल्या आत जिरली.

भिंतीशी ओळीनं बंदुका उभ्या होत्या. दसरा होऊन गेला तरी प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूची सुकलेली माळ होती, आणि प्रत्येकीच्या लाकडी दस्त्यावर कुंकू होतं. एकूण एक. चाप मोडलेली, नळी उतरवून ठेवलेली, गंज खाऊन मेलेली, सगळ्या सवाष्णी. गुणाजीनं कोपऱ्यातल्या खुंटीकडे पाहिलं. तिथली जगदीशची रायफल जागेवर नव्हती.

हे कुंकवाचं प्रकरण काय ते सांगायला हवं, नाहीतर या माणसाच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही. सरकारी कारखान्यात बंदुकीच्या नळीवर काम केलं की ती आधी बांधून ठेवतात आणि नेहमीपेक्षा जादा दारू भरलेल्या काडतुसानं, लांबून दोरी ओढून उडवतात. टिकली तर तिच्यावर शिक्का ठोकतात. फुटली तर लोखंड फुटतं, माणूस वाचतो. गुणाजीचा बाप पलटणीत हेच काम करायचा. अण्णांच्या दुकानाला शिक्का नव्हता, म्हणून अण्णांच्या वडिलांनी त्याच्या जागी कुंकू आणलं. परीक्षेत उतरलेल्या बंदुकीच्या दस्त्याला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावायचं आणि मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, लेक सासरी पाठवतात तशी. बोट नाही तर बंदूक उंबऱ्याबाहेर नाही. हा रिवाज इतका अंगवळणी पडला होता की त्याबद्दल कुणी कुणाशी बोलतही नसे.

मग खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते तेव्हा घोटाळा कसा व्हायचा नाही? व्हायचा नाही, कारण अष्टमीच्या संध्याकाळी गुणाजी परीक्षा न झालेल्या बंदुका मागच्या कपाटात कोंडून किल्ली खिशात टाकायचा. हे तो करतो याची अण्णांना गंधवार्ता नव्हती. न बोलता नीट चाललेल्या कामाकडे मालक कशाला बघतोय? यंदा मात्र गुणाजीच्या डोक्यात खंडेनवमी नव्हतीच. जन्मात पहिल्यांदा त्याचा दसरा दुसऱ्या कशाचा तरी होता. कपाट उघडं, किल्ली खिळ्याला, आणि साहेब नागपूरच्या गाडीत!

जगदीश म्हणजे अण्णांचा एकुलता एक. त्याला निशाणबाजीचं वेड लावलं ते गुणाजीनंच. पोरगा कमरेएवढा होता तेव्हापासून त्याला श्वास कुठं धरायचा, चाप कसा लिंबू पिळल्यासारखा हळू दाबायचा, ते त्यानं शिकवलं होतं. अलीकडे जगदीशच्या रायफलीचा नेम बिघडला. एक गोळी कल्याणला तर दुसरी पनवेलला. गुणाजीनं नळीचं झिजलेलं तोंड कापून सरळ केलं आणि मागचं, काडतूस बसतं ते घर नव्यानं कोरलं. काम झकास झालं. पण कोरून झाल्यावर आत दिवा धरून बघताना त्याला एक रेघ दिसली, केसाएवढी. हत्याराचा ओरखडा असेल, किंवा तडा असेल. त्यानं तेल लावून पाहिलं, भिंग लावून पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. कळेना. अशा वेळी परीक्षेशिवाय इलाज नसतो. पूर्वी दुकानामागच्या विटांच्या खड्ड्यात परीक्षा व्हायची, पण जानेवारीत शहरात गोळीबार झाला तेव्हापासून एक बार उडाला की गल्लीतल्या बायका पोरांना ओढून दारं लावून घ्यायच्या. अण्णांनी खड्डा बंद केला. गुणाजीनं ठरवलं, नागपूरहून आलो की कुर्ल्याच्या खाणीत नेऊन उडवू. अण्णांना तो एवढंच म्हणाला होता, "आल्यावर बघतो." कुंकू नव्हतं ना लावलेलं? मग जास्त बोलायची गरजच काय!

"आलास का रे गुणाजी?" माडीवरून जगदीशची आई, कौसल्यावहिनी खाली आल्या. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. "हे आणि जगदीश पहाटेच गेले रेंजवर. आज स्पर्धा नाही का त्याची?"

"रायफल कुठली नेली, वहिनी?"

"कुठली म्हणजे? त्याचीच. तू नव्हतास म्हणून यंदा पूजा मी मांडली. सगळ्यात आधी कुंकू त्याच्याच रायफलीला लावलं, तुझ्या त्या तेलातलं, पुसू नये म्हणून." वहिनींच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "आणि ह्यांनी ती जपून ठेवलेली लाल डबी दिली त्याला. दसऱ्याची भेट."

काडतूसही बंदुकीला मानवावं लागतं, पोटाला अन्न मानवतं तसं. जगदीशच्या रायफलीला सौम्य काडतुसं मानवत, तीच तिच्यातून एका जागी पडत. लाल डबीतली होती जंगलातल्या मोठ्या जनावरासाठी, जालीम. धडधाकट नळीला त्यांचं काही वाटलं नसतं. पण त्या घरात ती रेघ होती.

"वहिनी, ते कुंकू... ते लावायला नको होतं."

कौसल्यावहिनींचा चेहरा झर्रकन उतरला. त्यांनी त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. "का रे? तुला आता आमचं कुंकू चालत नाही का?"

गुणाजीनं काय सांगायचं? आई, तू स्वतःच्या हातानं पोराच्या बंदुकीला खोटी साक्ष लावलीस, असं? ती बाई जागच्या जागी बसली असती. "तसं नाही हो वहिनी," एवढंच तो पुटपुटला. रेंजवर टेलिफोन नव्हता. त्यानं हत्यारांच्या पेटीतून परीक्षेसाठी स्वतः भरून ठेवलेली दोन काडतुसं काढली, गाठोड्यात टाकली आणि रस्त्यावर आला. वहिनी मागून काहीतरी म्हणाल्या ते त्याला ऐकू आलं नाही.

रेंज शीव कोळीवाड्याच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. गुणाजीनं दादरची ट्राम पकडली. ट्राम कसली, सरपटणारी म्हातारीच ती. प्रत्येक थांब्याला माणसं चढताना तो मनात त्यांना शिव्या घालत होता आणि लगेच स्वतःला सांगत होता की बाबा रे, परवाच तू काय काय शपथा घेतल्यास ते आठव. पण डोळ्यांसमोर एकच दिसायचं. जगदीश गाल दस्त्याला टेकवतो. उजवा डोळा त्या घरापासून वीतभर. आणि मग पुढचं दिसू नये म्हणून गुणाजी खिडकीबाहेर बघायचा.

लालबागला ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे सगळा रस्ता माणसांनी भरला होता. गिरण्यांच्या पाळीतून सुटलेले, बायका, काखेत मुलं घेतलेल्या म्हाताऱ्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गर्जना, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! एरवी गुणाजीही त्यांच्यात मिसळून घसा फोडून ओरडला असता. याच रस्त्यावर जानेवारीत त्याच्या बायकोचा, मालनचा भाऊ आनंदा गोळी लागून पडला होता. दूध आणायला निघालेला पोर. त्याला घरी आणलं तेव्हा त्याचा पांढरा सदरा बघून मालननं जी किंकाळी फोडली होती ती गुणाजीच्या कानातून अजून गेली नव्हती. त्यानंतर ती कितीदा म्हणाली, सोडा हो हा बंदुकांचा धंदा. आणि दर वेळी तो सांगायचा, माझ्या हातून गेलेल्या बंदुकीनं आजवर कुणाचं वाकडं झालं नाही. या एका वाक्यावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

मोर्चाच्या कडेला पोलिसांनी बांबू आडवे बांधले होते आणि पलीकडे जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासणं चाललं होतं. गुणाजीच्या गाठोड्यात दोन जिवंत काडतुसं, परवाना दुकानात, आणि दिवस असे की नुसता पत्र्याचा तुकडा सापडला तरी माणूस आत. फेकून द्यावीत? पण मग रेंजवर जाऊन हात हलवत सांगणार काय? परीक्षेचं काडतूस हाती असल्याशिवाय त्याचा शब्द कोण ऐकणार होतं? तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. नागपूरच्या पाहुण्यांनी वाटेसाठी बांधून दिलेल्या दोन भाकऱ्या उरल्या होत्या, वाळून कडक झालेल्या, लसणाचा ठेचा फासलेल्या. त्यानं बुडणाऱ्या माणसाच्या घाईनं एकेका भाकरीत एकेक काडतूस दुमडलं आणि वर फडकं गुंडाळलं.

"काय आहे रे यात?" शिपायानं गाठोडं हातात घेतलं.

"भाकरी, साहेब. नागपूरहून येतोय."

शिपायानं फडकं सैल केलं. शिळ्या ठेच्याचा वास भसकन वर आला. त्यानं नाक मुरडलं, वरच्या भाकरीला बोटानं टोचलं, आणि गुणाजीनं डोळे मिटले. "चल, चल, हो पुढं. कुत्रंपण खायचं नाही हे," शिपाई म्हणाला. गुणाजी पुढं झाला तेव्हा त्याच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता.

करी रोडच्या वळणावर चाळकरी मित्राचं, शिवाचं, सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं. शिवा फळीवर बसून मोर्चा बघत होता.

"जय भीम, गुणाजी! कधी आलास? काय सांगतोस नागपूरचं?"

"शिवा, सायकल दे. बोलू नको, दे."

"अरे पण पाणी तरी पी. तोंड बघ कसं झालंय, मेल्या. कोण आजारी आहे काय?"

"पोरगा मरंल रे," गुणाजी म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याला रडू फुटलं. शिवानं सायकल स्वतः रस्त्यावर आणून धरली.

परळ गेलं. स्वतःच्या चाळीचं तोंड डाव्या हाताला आलं आणि मागं पडलं, मालन आत वाट बघत असेल असा विचारही त्याला शिवला नाही. दादर गेलं. माटुंग्याला साखळी उतरली, ती चढवताना बोट कापलं. त्याचं मनातल्या मनात एकसारखं बोलणं चाललं होतं. नेम धरायच्या आधी जगदीशला खोकला यावा. वारा सुटावा. अण्णांशी त्याचं भांडण व्हावं. देवाला हाक मारायची सवय जिभेवर यायची आणि तो ती गिळायचा, आणि मग मोकळ्या झालेल्या तोंडात काय घालावं ते त्याला कळायचं नाही. इतका एकटा तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

टेकडी दिसली आणि त्याच वेळी बार ऐकू आले. एक. मग आणखी एक. प्रत्येक बाराला गुणाजी सायकलवर आकसत होता आणि बारामागून किंकाळी येते का ते कान देऊन ऐकत होता. किंकाळी आली नाही. तो फाटकातून आत शिरला, सायकल तिथंच आडवी टाकली.

जगदीश उभा होता. धडधाकट, हसरा, दोन्ही डोळे जागच्या जागी. गुणाजीला त्याच्या पायावर लोळण घ्यावीशी वाटली.

"गुणाजीकाका! अरे, तू आलास! हे बघ, हे बघ आधी!" जगदीशनं फळीवरून उतरवलेला कागद त्याच्या नाकासमोर धरला. सरावाच्या पाच गोळ्या, नेहमीच्या सौम्य काडतुसांच्या. पाची भोकं एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ. "काय काम केलंयस रे! अशी रायफल माझ्या हातात कधी आली नव्हती. आता खरी फेरी."

"ठेव ती खाली."

"काय?"

"खाली ठेव, जगदीश. तिची परीक्षा झालेली नाही. ते कुंकू खोटं आहे."

आता यात चूक गुणाजीचीच. आधी रेघ सांगायची, मग कुंकू सांगायचं. पण जीव घशाशी आलेल्या माणसाला क्रम कुठला सुचतो! तोंडातून निघालं ते हेच, आणि ते अण्णांच्या कानात उकळत्या तेलासारखं पडलं. अण्णा खुर्चीवरून उठले. भोवतीचे चार सभ्य लोक वळून बघू लागले.

"काय म्हणालास? माझ्या बायकोनं नवमीला लावलेलं कुंकू खोटं?"

"अण्णा, तसं नाही. परीक्षेचं कुंकू मी लावतो. मी लावलं नव्हतं. आतल्या घरात एक रेघ आहे..."

"चार दिवस नागपूरला जाऊन आलास तर आमची पूजा खोटी झाली? तुझा धर्म तुझ्यापाशी, गुणाजी. मी तुला जाऊ नको म्हणालो का? रजा दिली की नाही? मग माझ्या घरच्या कुंकवाला बोल लावायचं कारण काय?"

"अण्णा, माझं ऐका. तडा असला तर..."

"तडा असता तर या पाच गोळ्या अशा पडल्या असत्या?" अण्णांनी कागद फडकावला. गर्दीतल्या एकानं मान हलवली, खरं आहे म्हणून.

"नेम चांगला म्हणजे नळी चांगली असं नसतं हो! तडा गेलेलं मडकंसुद्धा पाणी धरतं, फुटेपर्यंत. पाच झाल्या, सहावीला..." गुणाजीचा आवाज फाटला. "जगदीश, तू तरी. मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

जगदीश गोंधळला होता. पण तो बावीस वर्षांचा होता, हातात स्वप्नातली रायफल होती, आणि पंचांनी त्याचं नाव पुकारलं होतं. "काका, तू दमलायस," तो हळूच म्हणाला. "बस जरा सावलीत. आई कधी खोटं कुंकू लावेल का?" आणि तो चटईवर पालथा झाला. त्यानं लाल डबी उघडली.

गुणाजीनं इकडे तिकडे पाहिलं. त्याची कीव करणारे चेहरे, चिडलेले चेहरे. रायफल हिसकावावी तर झटापटीत ती उडायची. ओरडून ओरडून जेवढं ओरडायचं तेवढं तो ओरडला होता. दोरीपलीकडे मोकळं मैदान होतं आणि त्याच्या टोकाला मातीच्या बांधाशी निशाणाच्या फळ्या. त्या वर्षी सगळी मुंबई कुठं ना कुठं ठिय्या देऊन बसत होती, कचेऱ्यांपुढे, गाड्यांपुढे. गुणाजी दोरीखालून वाकून आत शिरला आणि हात वर करून मैदानातून चालू लागला.

पाठीमागे शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी लाल निशाण फडकावलं. पंच ओरडत होते, अण्णा ओरडत होते. सगळ्या नळ्या खाली झाल्या. गुणाजी जगदीशच्या फळीपाशी पोचला, वळला आणि तिच्यापुढे मांडी घालून बसला. छातीत भाता चालला होता. समोर चटयांवर पालथी पडलेली माणसं, आणि त्यांच्यात एक छोटंसं काळं डोकं, जे आता वर उचललं गेलं होतं. आता मारायचं तर मला मारून मार, पोरा. त्यापेक्षा मोठा विचार त्याच्या डोक्यात उरला नव्हता.

शेवटी जगदीशच मैदानातून चालत आला. "काका, ऊठ. लोक हसतायत."

"हसू देत. एकदा बांध तिला आणि उडव. माझ्याकडे काडतूस आहे. टिकली तर मी सुतासारखा सरळ निघून जातो."

अण्णा मागोमाग आले होते, धापा टाकत. "टिकली तर उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाहीस. माझ्या बापाच्या वेळेपासूनचा माणूस म्हणून मी काही एक बघणार नाही. कबूल?"

"कबूल, अण्णा."

रायफल लाकडी बाकाला दोरानं आवळली, दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावली. सगळे बांधाआड गेले. गुणाजीनं भाकरी उलगडून काडतूस काढलं तेव्हा पंचांना हसू आवरेना. काडतूस सदऱ्याच्या टोकानं पुसून त्यानं आत बसवलं, चापाला सुतळी बांधली. मग त्याची नजर दस्त्यावरच्या त्या लाल ठिपक्याकडे गेली. परीक्षेआधी कुंकू नसतं. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं ते घासलं. तेलातलं कुंकू, सहजी निघेना. दाबून, पुन्हा पुन्हा घासलं. बांधाआडून अण्णा "अरे, अरे!" म्हणाले, जसं काही त्यानं घरच्या माणसाच्या कपाळावरचंच पुसलं.

गुणाजी बांधाआड आला, सुतळी हातात घेतली आणि ओढली.

बार असा झाला की टेकडीवरचे बगळे उठले. धूर जायची वाट न बघता तो धावला. नळी जागच्या जागी होती. घर जागच्या जागी होतं.

"झालं समाधान?" अण्णा म्हणाले.

"दोन असतात अण्णा. परीक्षेला दोन." कुणीतरी कपाळावर हात मारला. दुसरं काडतूस बसलं, सुतळी ओढली, बार झाला. पुन्हा काही झालं नाही. गुणाजीनं नळी उघडून आत दिवा धरला. रेघ होती तशीच होती, केसभरही वाढली नव्हती. हत्याराचा ओरखडा. त्याच्याच हाताचा. एवढ्यासाठी त्यानं मैदान बंद पाडलं, पोराची फेरी घालवली, भरल्या सभेत मालकाचं नाक कापलं. आणि त्याला हसू यायला लागलं, आणि हसताहसता तो बाकाला धरून खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

"हरलास की रे तू," जगदीश म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो गुणाजीशेजारी उकिडवा बसला होता.

"हरलो, बाबा. हरलो. बरं झालं रे, किती बरं झालं."

"रेघ होती म्हणून आधी सांगायचंस. तू कुंकूच काढलंस पहिलं."

"हो रे. तेच चुकलं."

अण्णा दोघांकडे न बघता निघून गेले. त्यांनी शब्द दिला होता आणि ते शब्दाचे पक्के, दुर्दैवानं. जगदीशला पंचांनी उरलेल्या वेळात फेरी पुरी करू दिली, पण त्याचा हात बसला नाही, गोळ्या फळीभर विखुरल्या. रायफल बांधून तो निघाला तेव्हा तिच्या दस्त्यावर कुंकू नव्हतं. परीक्षेत उतरूनही अशी बिनकुंकवाची घरी गेलेली ही दुकानातली पहिलीच बंदूक, कारण ते लावणारा आता दुकानाचा कुणी नव्हता.

गुणाजी शिवाची सायकल ढकलत ढकलत परत आला. बसायची ताकद नव्हती. मोर्चा पांगला होता, रस्त्यावर चपला पडल्या होत्या. चाळीच्या जिन्यावर पाय टाकताना त्याच्या मनात आलं, मालनला कसं सांगू, की नोकरी गेली आणि तरी मला सुखानं मरावंसं वाटतंय.

मालन दारात उभी होती. गाडी सकाळीच आल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं, मोर्चाचंही सांगितलं होतं. तिनं नवऱ्याला जिन्याच्या वळणावर पाहिलं. पांढरा सदरा, आणि त्याची उजवी बाही मनगटापाशी लालभडक.

तीच किंकाळी. जानेवारीतली. चाळीतली दारं धडाधड उघडली. ती धावत खाली आली, त्याची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू आतून काही वाहतंय ते तिला थांबवायचं होतं. "कुठं लागलं? अहो, कुठं लागलं? आनंदासारखं..."

"मालन, रक्त नाही गं."

"खोटं बोलू नका!"

"रक्त नाही. वास घेऊन बघ. कुंकू आहे." त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं आणि तो तिथंच पायरीवर बसला, तिला घेऊन. "कुंकू आहे गं. नुसतं कुंकू. कुणाला काही झालं नाही."

तिला ते खरं वाटायला बराच वेळ लागला. तिनं बाही नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि तोवर तो तेच तेच सांगत राहिला.